सहावी सुई

एका संताच्या अंगावरच्या पाच जखमा मी माझ्या हातानं बुजवल्या, आणि बुजवताना मला फार बरं वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं लिहिता लिहिता मी स्वतःला सावरून घ्यायला बघेन. माझा स्वभावच तसा आहे.

जालन्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचे. माहेर टेंभुर्णीचं, घरी शेती. लग्न होऊन जालन्याच्याच मस्तगडात आले, दोन खोल्या आणि गच्चीचा एक कोपरा एवढा संसार. माझा हात चांगला आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी लोक सांगायचे आणि मी ऐकून घ्यायची. गल्लीतल्या चार-पाच घरांचे गणपती दरवर्षी माझ्याकडून रंगवून जायचे. कुणाच्या गणपतीचं बोट मोडलं, सोंडेचा टवका उडाला, की आधी माझ्याकडे. शाडू आणि सरस लावून मी ते असं जोडायची की ज्यांच्या घरचा गणपती त्यांनाही जागा सापडायची नाही. खंडित मूर्ती पुजत नाहीत, हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं की त्यावर कधी विचार केलाच नव्हता.

आमच्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. ख्रिश्चन. त्यांचे आजोबा गोव्याकडून इथल्या छावणीत बँड वाजवायला आले आणि इथंच राहिले. बाईंना गोव्याची भाषा येत नव्हती, बोलायच्या आमच्यासारखंच. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. रिटायर व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही उशिरा कळला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही. कडेचं सगळं गेलं होतं. मधलं तेवढं त्यांना दिसायचं, एखाद्या नळीतून बघितल्यासारखं. पोरी त्यांना सुयांत दोरे ओवून द्यायच्या आणि बाई हातानं चाचपून टीप सरळ आहे की वाकडी ते सांगायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या गणपतीनंतर त्या मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या.

"बाई, माझ्या घरी एक मूर्ती हाय," त्या म्हणाल्या. "लाकडाची. आजोबांनी आणल्ती. रंग पार काळा पडलाय. मी लहान असताना लई सुंदर दिसायची. डोळे जायच्या आत एकदा तशी बघायची हाय. तुमी कराल का?"

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्या मूर्तीची उत्सुकता जास्त होती.

सदर बाजाराच्या मागं त्यांचं बैठं घर होतं. भिंतीतल्या कोनाड्यात दीड हात उंचीचा तो संत उभा होता. एक तरुण मुलगा, झाडाच्या बुंध्याला बांधलेला. एक हात डोक्याच्या वर, दुसरा पाठीमागं. कमरेत शरीर असं वळलेलं की लाकडात हाड आहे असं वाटावं. तोंड किंचित उघडं, डोळे वर. कमरेला गुंडाळलेलं फडकं वाऱ्यानं उडाल्यासारखं एका बाजूला गेलेलं, त्याच्या चुण्या कोरणाऱ्यानं इतक्या खोल कोरल्या होत्या की आत बोट जात होतं. मी शाळेत मुलींना कापडाच्या चुण्या काढायला शिकवायचे. ते फडकं बघून मला माझीच लाज वाटली.

पण वरून सगळं काळं. मेणबत्त्यांचा धूर, तेल, आणि कधीतरी कुणीतरी लावलेलं तपकिरी पॉलिश. आणि अंगावर भोकं. मी मोजली, पाच. पोटात, मांडीवर, दंडावर, बरगडीपाशी, छातीवर. भोकांभोवती जरा जास्तच काळे डाग. कीड, मी मनात म्हटलं. एवढ्या वर्षांच्या लाकडाला कीड लागणारच. कोनाड्यात मूर्तीच्या पायापाशी लाल दोऱ्यानं बांधलेल्या चार-पाच बारीक सुया होत्या, स्वेटर विणायच्या, लोखंडाच्या. शिवणाच्या बाईंच्या घरात सुया असायच्याच, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्याचं नाव बाईंनी सांगितलं होतं. ते आमच्या गल्लीत कुणालाच नीट म्हणता आलं नसतं. मी विचारलं, "याला बांधलंय कामून?"

"त्याला मारलं," त्या म्हणाल्या. "देवाला सोडत न्हाई म्हनाला म्हनून." आणि चहा ठेवायला आत गेल्या. कशानं मारलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, हे कुणाला माहीत नसतं?

मूर्ती चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी रिक्षानं घरी आणली. त्याच आठवड्यात बीडकडे प्लेग आल्याची बातमी पसरली. मग काय, आमच्या जिल्ह्याचीही झोप उडाली. दवाखान्यापुढं कॅप्सूलसाठी रांगा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं, घरोघर उंदरांची शोधाशोध. शाळेला सुट्टी दिली. माझ्या हातात आयते आठ-दहा दिवस आले.

आणि पितरपाट सुरू होता.

सासूबाई दारातच म्हणाल्या, "पितरपाटात देवाला हात लावू न्हाई. त्यात दुसऱ्याचा देव. आन् वरून ही साथ."

"हा देव नाही, माणूस आहे," मी म्हटलं. "मेलेला माणूस आहे. मग पितरपाटच बरा की."

मी अशी फटकन बोलायची आणि त्या गप्प बसायच्या, हे आमच्यात आठ वर्षं चाललं होतं. त्याआधी मी अशी नव्हते.

आठ वर्षांपूर्वी मला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण म्हणून टेंभुर्णीला, माहेरी. ह्यांनी पाचव्या दिवशी येऊन तिला एकदा बघितलं, दोन मिनिटं हातात धरलं, आणि ऑफिसला रजा नव्हती म्हणून संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. नवव्या दिवशी ती गेली. दूध ओढायची थांबली, अंग निळं पडलं, जाफराबादला न्यायला जीप मिळेपर्यंत संपलं. बारसं बाराव्या दिवशी होतं. एवढ्या लहान लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. माझ्या वडिलांनी शेताच्या बांधाला, बोरीच्या बाजूला तिला पुरलं. मला जाऊ दिलं नाही. नंतर मूल झालं नाही.

तिच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सासूबाईंना वाटायचं, नाव काढलं की मला त्रास होईल. पण नाव काढायला नाव तर हवं. ह्यांना काय वाटायचं ते मला कधी कळलं नाही. हे मुळातच कमी बोलणारे. पितरपाटात घरात प्रत्येकाची तिथी व्हायची. सासऱ्यांची, त्यांच्या आईवडिलांची, आणि ज्यांना मी बघितलंही नव्हतं अशा एका चुलत सासूची. खीर, वडे, पान वाढून गच्चीवर कावळ्याला हाका. बारशाआधी गेलेल्याची तिथी धरत नाहीत. मी दरवर्षी वडे तळायची आणि दरवर्षी मला त्या सगळ्या मेलेल्या माणसांचा राग यायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर मला वेड लागलंय असं म्हणाले असते.

तर त्या पंधरवड्यात गच्चीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या सावलीत, मी त्या संताला घेऊन बसले.

आधी कापसाच्या बोळ्यांनी काजळी काढली. टर्पेंटाइन लावून, एका वेळी रुपयाएवढी जागा. तिसऱ्या दिवशी कमरेच्या फडक्याचा खरा रंग दिसला. निळा, गडद, आणि त्यावर सोन्याच्या बारीक बुट्ट्या. पैठणीच्या पदरावर असतात तशा, फक्त फुलं निराळी. मी खाली ह्यांना हाक मारली. हे वर आले, बघितलं, म्हणाले, "कुणी केलं असेल?" मला त्या एका वाक्याचं फार बरं वाटलं. मूर्तीची पाठ पोकळ होती. लाकूड तडकू नये म्हणून कारागिरानं मागून कोरून काढलं होतं आणि आत त्याच्या पटाशीचे घाव तसेच ठेवले होते. जे कुणाला दिसणार नाही तिथं त्यानं घासत बसायची तसदी घेतली नव्हती. मला तो माणूस आवडला.

मग मी भोकं बुजवली. लाकडाचा भुसा आणि सरस कालवून आत ठासलं, वाळू दिलं, वर लुकणासारखी लांबी भरली, पॉलिशपेपरनं घासलं. भोकांभोवतीचे काळे-तांबडे डाग खरवडून काढले. त्यांतला एखादा डाग थेंबासारखा जरा उंच होता, बोटाला लागत होता. सुरीच्या टोकानं तोही उडवला. हे खाली जाता जाता थांबले आणि म्हणाले, "त्यांना विचारलंस का?"

"यात काय विचारायचं?" मी म्हटलं. "भोकं पडलेली मूर्ती कुणी घरात ठेवतं का?"

मग अंगाचा रंग दिला. गणपतीचे रंग उरले होते, त्यातूनच गुलाबीसर, जिवंत रंग जमवला. गालांवर किंचित लाली. छाती गुळगुळीत, पोट गुळगुळीत. आठव्या दिवशी तो मुलगा असा दिसायला लागला की त्याला कधी काही झालंच नव्हतं. सासूबाईसुद्धा वर आल्या, लांबून बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि म्हणाल्या, "आता कसं पूजेचं दिसून राह्यलं." आमच्यात त्या आठ वर्षांत इतकं मऊ बोलणं क्वचितच झालं होतं.

मूर्ती पोचवायला मी दुपारी गेले. बाईंनी दार उघडलं. मी मूर्ती कोनाड्यात ठेवली, खिडकी सताड उघडली. बाई अगदी जवळ गेल्या आणि त्यांच्या त्या नळीतून बघायला लागल्या. आधी चेहरा. मग वरचा हात. मग खाली ते निळं फडकं आणि त्यावरच्या बुट्ट्या. तिथं त्या थांबल्या आणि रडायलाच लागल्या.

"बराबर," त्या म्हणाल्या. "बराबर हाच निळा. आई म्हनायची, आपल्या अंगावर एवढं भारी कापड कधी येनार न्हाई. बाई, तुमचे हात सोन्याचे हायेत."

मी तोंडदेखलं "छे हो" म्हटलं. मनात म्हटलं, आहेतच.

मग त्यांनी हात लावला. मानेवरून बोटं खाली आली, छातीवर आली, आणि थांबली. पुढं सरकली, मागं आली. पोटावर गेली. मांडीवर. दंडावर. टीप चाचपताना त्यांची बोटं जशी चालायची तशीच चालत होती, फक्त आता ती जोरात चालायला लागली. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला काही कळेना. मला वाटलं रंग ओला राहिला की काय.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझी मानसं कुठं गेली?"

मी म्हटलं, "कोण माणसं?"

"भोकं. भोकं कुठं गेली?"

"ती मी बुजवली. कीड होती ना."

त्या खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर मी परत ओरडले असते आणि मग सोपं झालं असतं. पण त्या हळू आवाजात, शाळेतल्या पोरीला समजावून सांगावं तसं सांगायला लागल्या. त्या मुलाला झाडाला बांधून बाणांनी मारलं होतं. ती भोकं बाणांची होती. मूळचे बाण पितळेचे होते, ते आजीच्या काळात हरवले. मग आईनं त्या जागी विणायच्या सुया लावायला सुरुवात केली. एरवी सुया काढून ठेवायच्या. जानेवारीत त्याच्या सणाला एक एक सुई लावायची आणि प्रत्येक सुईला घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. हा नेम गोव्याचा नव्हता की चर्चचा नव्हता, त्यांच्या आईनं इथं, या घरात सुरू केलेला होता. पोटातली सुई आईची, मांडीतली वडिलांची, दंडावरची नवऱ्याची, बरगडीतली थोरल्या बहिणीची.

"आन् छातीवरची?" मी विचारलं.

"ती अजून लावली न्हाई कधी. ती माझी हाय."

मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. सुया माझ्यासमोर होत्या. रक्ताचे थेंब मी माझ्या सुरीनं खरवडले होते. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं, आणि मला सुचवणारं माणूस घरात होतं, त्याला मी गप्प केलं होतं.

"डोळे जानार हायेत," बाई म्हणाल्या. "रंग मला किती दिवस दिसनार? मला तो पुढं हातानंच वळखायचा होता. आता हात लावला तर वाटतं, हे दुसऱ्या कुनाचं पोरगं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कार्यानुभवाच्या कपाटातलं गिरमिट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आदल्या संध्याकाळी शिपायाच्या घरी जाऊन मी किल्ली मागून आणली होती. निघताना सासूबाईंनी हातात गिरमिट बघितलं. "आता ते कशाला?" म्हणाल्या. "भोकं पाडायला," मी म्हटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

देवाला भोक पाडणं सोपं नाही. तो आपला नसला तरी. मूर्ती जमिनीवर घोंगडीवर आडवी ठेवली, तेव्हा तर तो अगदी निजलेला मुलगाच वाटायला लागला. मी गिरमिट टेकवलं आणि परत उचललं. बाई समोर बसल्या, पोटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हितं. आई." बोट काढलं, मी टोक टेकवलं, फिरवलं. माझीच लांबी, माझाच भुसा, भुरुभुरु बाहेर आला. आत जुनं भोक सापडलं आणि गिरमिट सहज खाली गेलं. बाईंनी बोट घालून बघितलं आणि मान हलवली.

त्यांना प्रत्येक जागा ठाऊक होती, तीही शिवणाच्या मापात. कमरेपासून वर दोन इंच. मांडीच्या घेरात मध्ये. दंडावर, बाहीची शिवण येते तिथं. एका हुतात्म्याचं माप ब्लाउजसारखं घेतलेलं मी आयुष्यात प्रथमच ऐकत होते, आणि त्यांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. आई, वडील, नवरा, बहीण. चार झाली. प्रत्येक भोकाबरोबर माझ्या छातीवरचा थोडा भार उतरत होता. चौथ्यानंतर तर मी थोडी ऐटीतच आले, हे मला आठवतं.

"थांबा, चहा टाकते," बाई उठत म्हणाल्या. "आता एकच राह्यलं, माझं."

"त्याची जागा सांगून ठेवा, मी करते."

स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "डाव्या मुंढ्याच्या खाली दीड इंच, आन् आत एक इंच."

मुंढा म्हणजे बाही जोडतात ती जागा, एवढं मला माहीत होतं. डावीकडे खाली दीड इंच, आत एक इंच. मी बुजवलेली जागा रंगाखाली मलाही सापडत नव्हती, म्हणून पट्टीनं मोजलं, टोक टेकवलं, फिरवलं. या वेळी गिरमिट सहज जाईना. मी जोर लावला. माझी लांबी एवढी घट्ट बसली, माझं काम काही कच्चं नव्हतं, असंही मनात येऊन गेलं. अजून जोर लावला. तेव्हा भुसा आला नाही. गिरमिटाच्या वळ्यांमधून तांबूस लाकडाची एक ओली वाटावी इतकी ताजी ढलपी वर आली आणि सागाचा वास सुटला.

चित्रकलेच्या बाईंची डावी बाजू म्हणजे बघणाऱ्याची डावी. फळ्यावर मी पोरींना इतकी वर्षं हेच शिकवलं, चित्राची डावी बाजू म्हणजे तुमच्या डाव्या हाताची. शिवणाच्या बाईंची डावी म्हणजे कपडा घालणाऱ्याची. मी त्या मुलाच्या उजव्या छातीत, जिथं कधीही काही नव्हतं, अशा धडधाकट लाकडात भोक पाडलं होतं.

बाई कपबशी घेऊन आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी खाली बसून हात लावला. डावीकडे बोट गेलं, तिथं काही नाही. उजवीकडे गेलं आणि सापडलं.

"चुकलं," मी म्हटलं. "मी तुमची डावी म्हणजे... चुकलं बाई. लांबी आहे पिशवीत. लगेच भरते, कळणार नाही, बिलकुल कळणार नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"भरू नका."

"पण ते कुणाचंच नाही ना."

"पडलं ना आता? भरून काय होतंय. उगी कुनाचंच नसल कसं." आणि मग, काही एक न ठरवता, साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुमचं हाय का कुनी?"

शाळेत माहीत होतं. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली बाई पोर न घेता परत येते तेव्हा सगळ्यांना माहीत असतंच. पण आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी घोंगडीवर बसून रडले. हुंदके देऊन, नाक ओढत, सोंग नाही की लाज नाही. नऊ दिवस, मी सांगितलं. टेंभुर्णीला. बोरीच्या बाजूला, आणि मला जाऊ दिलं नाही. तिचे कान माझ्या सासूबाईंसारखे होते, हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही. बाई ऐकत होत्या आणि त्यांचं बोट त्या नव्या भोकावर होतं. चहा गार झाला.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"ठेवलं न्हवतं. बारशाच्या आधीच गेली."

"मंग मी सुई लावताना काय म्हनू? नुसती सुई लावता येत न्हाई. नाव घ्यावंच लागतं, तसा नेम हाय."

त्या मला धीर देत नव्हत्या. त्यांना खरोखरच अडचण आली होती, आणि ती सोडवणं माझं काम होतं. सातव्या महिन्यापासून माझ्या मनात एक नाव होतं. नाव आत्या ठेवते, मी कशाला बोलू, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. मी ते नाव सांगितलं. तिच्या अख्ख्या आयुष्यात आणि त्यानंतर ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, एका ख्रिश्चन बाईंच्या घरात, हातात गिरमिट धरून. बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, नीट पाठ केलं. मग उठल्या, शिवणाच्या डब्यातून आणखी एक सुई काढली आणि लाल दोऱ्यात बांधली.

त्यांचं स्वतःचं पाचवं भोक मग आम्ही दोघींनी मिळून पाडलं, त्यांचं बोट आणि माझं गिरमिट. रक्ताचे थेंब मी परत रंगवले, जरा जाड, बोटाला लागतील असे.

पुढच्या जानेवारीत मी गेले. आणि मग दरवर्षी. तीन-चार वर्षांत त्यांचे डोळे पूर्ण गेले. सुया त्या चाचपून लावायच्या. सहावी माझ्या हातात द्यायच्या, आणि नाव मी घ्यायची. घरी मी सांगायची, शिवणाच्या बाईंकडे त्यांचा सण आहे. तेवढं खरंच होतं. सासूबाई गेल्या, त्यांची तिथी लागली, त्या तिथीलाही मी वडे तळले, आणि त्यांना ते कान सांगायचे राहून गेले.

दोन हजार सालानंतर, एका पावसाळ्यात बाई गेल्या. त्यांचे भाचे पुण्याहून आले होते. त्यांनी मूर्ती चादरीत गुंडाळून माझ्या दारात आणून ठेवली. मावशीनं सांगून ठेवलंय, म्हणाले. ह्यांनी काही विचारलं नाही. देवघराशेजारी भिंतीत कोनाडा नव्हता, तर एक फळी ठोकून दिली.

जानेवारी आला. सकाळची उन्हं खिडकीतून आत आली होती. मी आंघोळ करून सुया सोडल्या. पोटात आई, मांडीत वडील, दंडावर नवरा, बरगडीत बहीण. त्यांची नावं मला आता पाठ होती. मग डाव्या छातीत, त्या मुलाच्या डाव्या, पहिल्यांदाच सुई लावली आणि बाईंचं नाव घेतलं. मग सहावी. ती लावून मी दरवर्षीसारखं मोठ्यानं नाव घेतलं. कारण बाईंकडे तसंच घ्यायचो, आणि घरात कुणी नाही असं मला वाटत होतं.

हे दारात उभे होते. हातात पेपर होता.

"बाकीची बाईंची माणसं, ते कळलं," हे म्हणाले. "ही कोण?"

मी मागं वळले नाही. म्हटलं, "आपली."

मग हे आत आले, माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी हात लांब करून त्या सहाव्या सुईला टोकाशी नुसतं बोट टेकवलं, पाचव्या दिवशी तिच्या मुठीला टेकवलं होतं तसं. आणि ते नाव म्हटलं. पहिल्यांदा चुकीचं, एक अक्षर गाळून. मी दुरुस्त केलं. मग त्यांनी बरोबर म्हटलं.